घरी बांधलेल्या विमानाच्या सांगाड्यावर कापड कसे चढवावे?

कांदिवलीच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी आपल्या मुलीसाठी बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या वापरून सुमारे १२० सेंटिमीटर पंखविस्ताराचे विमान घरीच बांधले. त्यावर घरातले जुने पॉपलिन फेविकॉलने चिकटवले, पण डिंक वाळल्यावर कापड ठिकठिकाणी सैल राहिले. ते ताठ व्हावे म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून फर्निचरचे लॅकर आणून पंखाच्या वरच्या बाजूला दिले, तेव्हा कापडावर पांढरट डाग उमटले आणि डाव्या पंखाला पीळ पडला. कापड ताठ राहील असा डिंक कोणता, आणि पॉपलिनऐवजी आजीची जुनी रेशमी साडी किंवा ड्रेसचे अस्तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. पुढे छोटी मोटर आणि बॅटरी बसवून विमान उडवण्याचाही त्यांचा विचार आहे.

डिंकाबद्दल आधी सांगून टाकतो. कापड जिथे ठेवले तिथे धरून ठेवणे एवढेच डिंकाचे काम आहे. ताठपणा त्यातून येत नाही. ताठपणा येण्याचे मार्ग तीन: ओले करून लावलेले कापड वाळताना आकसते, काही कृत्रिम कापडे उष्णतेने आकसतात, आणि काही लेप सुकताना स्वतः आकसून कापडाला ओढून घेतात. यांपैकी कोणताही मार्ग धरला तरी आकसणारे कापड सांगाड्याला ओढणारच. खाटेची नवार घट्ट ओढली की ज्या पायाची खोबण ढिली असते तोच पाय आत झुकतो, तसेच पंखाचे होते. त्यामुळे मला तुमचा प्रश्न असा मांडावासा वाटतो, की तुमच्या सांगाड्याला किती ताण पेलेल आणि तेवढाच ताण वरून-खालून सारखा कसा द्यावा. कापड कोणते, डिंक कोणता आणि लेप कोणता, ही तिन्ही उत्तरे त्या एका हिशेबातून निघतात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. विमान केवळ छताला टांगायचे असेल तर वजनाची चिंता नको. पॉपलिनही चालेल आणि रंगही हवा तेवढा देता येईल. उडवायचे असेल तर प्रत्येक थर मोजून द्यावा लागतो. पंखाच्या बरगड्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या, दोन मिलिमीटर जाडीच्या आहेत की एक, मागची कड रुंद पट्टीची आहे की नुसती कामटी, हे पाहिल्याशिवाय किती ताण द्यावा ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि काम जानेवारीत करणार की जुलैत, यावर मुंबईत बरेच काही ठरते. तुम्हाला विमान उडवायचे आहे, हे गृहीत धरून पुढचे लिहितो.

सुरुवात वजनापासून करू. पंखाची लांबी १२० आणि रुंदी १८ सेंटिमीटर धरली तर वरची-खालची मिळून सुमारे ०.४३ चौरस मीटर कापड लागते. शेपूट आणि धड धरून हा आकडा ०.७ चौरस मीटरच्या आसपास जातो. पॉपलिनचे वजन चौरस मीटरला साधारण ११० ते १२० ग्रॅम असते, म्हणजे तुमच्या विमानाने लेप चढण्याआधीच सुमारे ८० ग्रॅम अंगावर घेतले. अस्तराचे पातळ पॉलिस्टर चौरस मीटरला ५०-६० ग्रॅम भरते, त्याचे ४० ग्रॅमच्या आसपास भागते. पाच मॉमीचे पातळ रेशीम घेतले तर सगळे विमान १५ ग्रॅममध्ये झाकून निघते. मॉमी हे रेशमाच्या वजनाचे माप असून एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. या आकाराचे विमान मोटर-बॅटरीसह ५०० ग्रॅमच्या आसपास राहिले तर ते सावकाश आणि समजूतदारपणे उडते, असा माझा अनुभव आहे, आणि त्या ५०० मध्ये ८० ग्रॅम नुसत्या कापडाचे असणे परवडत नाही. त्यात सुती कापड लेपही जास्त पिते. शेपटीचे वजन तर आणखी महाग पडते, कारण शेपूट गुरुत्वमध्यापासून नाकापेक्षा दुप्पट-तिप्पट लांब असते आणि तिथे वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे घालून तोलावा लागतो.

दुकानदार कापडाचे वजन सांगेलच असे नाही, पण ते काढणे सोपे आहे. ५० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि येणाऱ्या आकड्याला चारने गुणा. साडी कापावी लागत नाही. साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडी कमी रुंद साडी म्हणजे सव्वासहा चौरस मीटरच्या आसपास कापड. ती ३०० ग्रॅम भरली तर चौरस मीटरला ४८ ग्रॅम. हे वजन जरा जास्त असले तरी चालण्याजोगे आहे. जरीचे काठ-पदर सोडून फक्त अंगाचे कापड घ्यावे. पैठणी किंवा कांजीवरम असेल तर मात्र ती कपाटातच राहू द्या. आजींचा रोष वेगळा, आणि ते जड कापड वाळताना तुमच्या कामट्यांना पेलणार नाही. शिवाय बरीच वर्षे घडी घालून ठेवलेले रेशीम घडीवर विरलेले असते. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून घडीच्या रेषेवर हलकेच ओढून पाहावे; तिथे चर्र आवाज झाला तर त्या साडीचा विचार सोडून द्यावा.

आता रेशीम की पॉलिस्टर? कोरड्या हवेच्या गावी मी डोळे झाकून रेशीम सांगितले असते, मुंबईत तसे सांगत नाही. कारण ओलाव्यात आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत रेशीम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी धरून ठेवते, कापूस सुमारे ८ टक्के, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिस्टर अवघे ०.४ टक्के. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे राहते आणि एसीच्या खोलीत ती बरीच खाली येते. अशा हवेत रेशमाचा पंख दिवाणखान्यात सैल, बेडरूममध्ये ताठ आणि गच्चीवर पुन्हा सैल, असा वागतो. लेप नीट बसला की हा खेळ बराच कमी होतो, पूर्ण थांबत नाही. पॉलिस्टरला ओलाव्याचे जवळपास काहीच देणेघेणे नसते. म्हणून पहिल्या विमानाला, त्यातही मुंबईत, मी पॉलिस्टरचे अस्तर सुचवतो. रेशीम अधिक हलके आणि देखणे असते, उन्हात त्यातून बरगड्यांची सावली दिसते ती पाहत राहावी अशी असते. पण ते दुसऱ्या विमानासाठी राखून ठेवावे.

मंगळदास मार्केटमध्ये अस्तराची दुकाने रांगेने आहेत, आणि तिथे 'पॉलिस्टर' म्हणून मागितले तरी हातात मिश्र कापड येऊ शकते. म्हणून मीटरभर घेण्याआधी दोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळून पाहा. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि त्याची राख चिमटीत चुरडते. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख सोडतो. मणी झाला आणि राखही उरली, तर ते मिश्रण आहे, ते नको. दुसरी परीक्षा घरी करायची. कापडाचा २० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापून त्यावर इस्त्री फिरवावी आणि पुन्हा मोजावे. बाजारातले बरेचसे अस्तर कारखान्यातच तापवून स्थिर केलेले असते, ते फारसे आकसत नाही. बाजू १९ सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी कमी झाली तर कापड उत्तम. एखाद-दोन मिलिमीटरच कमी झाली तर ते चिकटवताना हाताने जवळजवळ पूर्ण ताणावे लागेल, इस्त्री फक्त शेवटच्या चुण्या काढील. तुमच्या पॉपलिनमध्ये हेच नडले: घरातले, अनेकदा धुतलेले कापड आधीच आकसून संपलेले होते, आणि ते कोरडेच चिकटवल्यावर पुढे ताठ होण्याचे कारणच उरले नाही.

कापडाने झाकलेले विमान म्हणजे मुलांच्या खेळण्यातली तडजोड, असे कोणी म्हणाले तर मुलीला अवश्य सांगा की १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले ते पुस मॉथ विमान कापडाचेच होते: पोलादी नळ्यांचे धड, लाकडी पंख आणि दोहोंवर ताणलेले कापड. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाला साधी मलमल लावली होती, आणि तीही तिरकी, पंखाशी ४५ अंशांत, म्हणजे धागे आपोआप तिरप्या आधारासारखे काम करतील. आजही कापडी विमानांवर पॉलिस्टरच लावतात आणि ते इस्त्रीनेच ताणतात. तुम्ही छोट्या मापात तेच करणार आहात.

तुम्हाला तिरके लावण्याची गरज नाही. कापडाच्या काठाला समांतर जाणारे उभे धागे सर्वांत कमी ताणले जातात. ते पंखाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे धडापासून टोकाकडे ठेवावेत. त्यामुळे दोन बरगड्यांमधल्या जागेत कापड कमी खचते. तिरपा धागा सहज लांबतो आणि हा गुण पंखाच्या गोल टोकाशी उपयोगी पडतो, कारण तिथे कापड तिरपे ओढले की चुणी न पडता वळते.

कापड कापण्याआधी सांगाड्यावर एक संध्याकाळ घालवा. निम्मे यश इथे आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. सपाट लाकडी ठोकळ्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून सगळ्या बरगड्या, पुढची कड आणि मागची कड एका पातळीत आणाव्यात, मग ३२० किंवा ४०० नंबर फिरवावा. एखादी बरगडी अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली तरी कापड ताणल्यावर ती लांबूनही दिसते, आणि डिंकाचा वाळलेला थेंब तर आयुष्यभर टेंगूळ होऊन बसतो. डोळ्यांनी न कळलेला उंचवटा बोट फिरवून कळतो. डोळे मिटून बोट फिरवावे. बांबूच्या कामटीची हिरवट, गुळगुळीत पाठ डिंक धरत नाही. जिथे कापड चिकटायचे तिथे ती खरवडून घ्यावी.

मग मागची कड तपासा. दोन बरगड्यांच्या मधोमध ती अंगठ्याने आत दाबून पाहा. सहज वाकत असेल, तर कापड तिला त्याच जागी आत ओढणार. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या मागच्या कडेला जी नागमोडी महिरप दिसते ती नक्षी म्हणून केलेली नव्हती. तिथे कडेऐवजी तार होती आणि लेप आकसताना ती तार प्रत्येक दोन बरगड्यांमध्ये आत ओढली गेली. खेळण्यात ती महिरप शोभून दिसते, पण कड एका पंखाला जास्त आणि दुसऱ्याला कमी ओढली गेली तर विमान सरळ जाणार नाही. कड नाजूक असेल तर ती रुंद पट्टीने बदला, आणि बरगडी जिथे कडेला मिळते त्या प्रत्येक कोपऱ्यात बाल्साचा छोटा त्रिकोणी तुकडा चिकटवा. ताणाला तोंड देण्याचे काम या त्रिकोणांइतके स्वस्तात दुसरे काहीच करत नाही.

पॉलिस्टर लावण्याची माझी पद्धत अशी आहे. फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून तो ब्रशने सांगाड्याच्या फक्त त्या भागांवर लावावा जिथे कापड टेकणार आहे. वाळल्यावर दुसरा हात द्यावा आणि तोही पूर्ण, पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यावा. वाळलेला पांढरा डिंक गरम इस्त्रीखाली पुन्हा मऊ होतो आणि गार होताच कापड पकडतो. म्हणजे ओल्या डिंकाने हात बरबटत नाहीत, चुकले तर इस्त्री टेकवून कापड उचलता येते. साधा फेविकॉल पाण्याला टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात उडवायचे असेल तर पाण्याला टिकणारा प्रकार घ्यावा. कॉन्टॅक्ट प्रकारचा पिवळट डिंक मात्र या कामाला नको; तो टेकताक्षणी पकडतो आणि ताण सुधारण्याची संधीच देत नाही.

प्रत्येक पंखाचे दोन तुकडे करावेत, खालचा आणि वरचा. चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर जादा ठेवावे. आधी खालची बाजू. पंखाचा खालचा भाग सपाट असेल तर कापड फक्त परिघावर चिकटवले तरी चालते. तो आत वाकलेला असेल तर प्रत्येक बरगडीवर चिकटवावे लागते, नाहीतर ताणलेले कापड बरगड्या सोडून सरळ रेषेत येते आणि पंखाचा आकारच बदलतो. इस्त्री एक ठिपक्यावर, म्हणजे सुमारे ११० अंशांवर ठेवावी. कापड पसरून धडाजवळच्या बाजूला मध्यभागी टेकवावे, मग टोकाकडे ओढून तिथे टेकवावे. त्यानंतर पुढच्या कडेचा मध्य, त्याच्या बरोबर समोर मागच्या कडेचा मध्य, आणि तिथून दोन्हीकडे कोपऱ्यांच्या दिशेने समोरासमोर सरकत जावे. एका कोपऱ्यातून सुरू करून दुसऱ्याकडे जाण्याचा मोह होतो. तसे केले की सगळी चुणी शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. चुणी दिसली तर तिच्या लांबीच्या दिशेने ओढू नये, तिला आडवे ओढावे. गोल टोकाशी जादा कापडाला दर सेंटिमीटरला चीर द्यावी आणि एकेक पाकळी खाली वळवत चिकटवावी.

वरचा तुकडा कडेवरून खाली वळून खालच्या कापडावर तीन-चार मिलिमीटर चढला पाहिजे, आणि या जोडावर पुन्हा डिंकाचा पातळ हात हवा. हा जोड महत्त्वाचा, कारण पुढे कापड आकसवताना उष्णतेने डिंक मऊ होतो आणि नुसते कडेवर टेकवलेले कापड सरकून येते. उरलेले कापताना नवे ब्लेड वापरावे. बोथट ब्लेड कापडाचा धागा ओढते आणि ती ओढ पंखभर दिसते.

सगळ्या कडा चिकटून गार झाल्यावरच आकसवण्याचे काम. इस्त्री दोन ठिपक्यांवर, म्हणजे १५० अंशांच्या आसपास. तीन ठिपके म्हणजे २०० अंश; तिथे पॉलिस्टर वितळत नाही, कारण त्याचा वितळणबिंदू २५५-२६० अंश आहे, पण एवढ्या उष्णतेत त्याचा ताण सुटू लागतो आणि गेलेला ताण परत येत नाही. घरच्या इस्त्रीचा पारा वरखाली होत असतो, म्हणून आधी कातरणावर पाहावे. इस्त्री कापडावर दाबायची नाही, तरंगत ठेवून फिरवायची. दोन बरगड्यांच्या मधून सुरुवात करून कडांपासून बोटभर दूर राहायचे. एक फेरी वरून, एक खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून. नखाने टिचकी मारावी. कापड आधी निर्जीव 'फद्द' आवाज देते. ताण बसत गेला की आवाज मोकळा होतो. तो मोकळा झाला की थांबावे. आणखी ताठ करण्याच्या नादात मागची कड वाकते.

यानंतर विणीची छिद्रे बुजवण्यापुरता लेप पुरे. पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक पॉलियुरेथेन किंवा ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात दिले की काम होते. तो लेप कापडाला फारसा ओढत नाही, आणि पॉलिस्टरला ते नकोच आहे. छिद्रे बुजली की नाही ते पाहण्यासाठी टोकाजवळ तोंड नेऊन फुंकर मारावी आणि पलीकडे ओला हात धरावा. हवा लागली तर आणखी एक पातळ हात द्यावा. प्रत्येक हातानंतर पंख काट्यावर ठेवण्याची सवय लावून घ्या. रंगीत विमान हवे असेल तर रंगीत कापड घ्या. इनॅमल रंगाइतके वजन दुसरे काहीच चोरपावलांनी वाढवत नाही. शेवटी प्रत्येक दोन बरगड्यांमध्ये, खालच्या बाजूला, टाचणीने एक भोक पाडावे. लेप दिल्यावर ती जागा बंद होते आणि उन्हात उभ्या गाडीत आतली हवा फुगून कापड ताणते.

रेशमाचा मार्ग वेगळा असल्याने थोडक्यात तोही सांगतो. सांगाड्याच्या टेकणाऱ्या भागांवर डोपचे, म्हणजे विमानाच्या कापडासाठी केलेल्या नायट्रोसेल्युलोज लेपाचे, दोन-तीन हात देऊन ते वाळवून घासावेत. रेशीम पाण्यात बुडवून, पिळून न काढता जुन्या पंचात गुंडाळून दाबावे आणि दमट असतानाच पंखावर टाकावे. ओले रेशीम आपल्या वजनाने सांगाड्यावर बसते. गोल टोकावर तर ते बोटांखाली इतके आज्ञाधारक होते की कोरड्या कापडाला चीर दिल्याशिवाय जमले नसते ते वळण ते एकाही चिरेशिवाय घेते. मग कडेवर थिनरचा ब्रश फिरवला की तो कापडातून झिरपून खालचा डोप मऊ करतो आणि कापड पकडले जाते. वाळल्यावर निम्मे पातळ केलेल्या डोपचे हात द्यावेत, पहिला हात ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, कारण ओथंबलेला डोप विणीतून आत गळून खालच्या कापडावर कडक गाठी करतो. डोप आठवडे-महिने आकसत राहतो. १०० मिलिलिटरमध्ये अर्धा ते एक चमचा एरंडेल मिसळले तर आकसणे कमी होते आणि लेप ठिसूळही होत नाही. शेपटीसारख्या पातळ भागांना हे एरंडेल हवेच.

तुम्ही आणलेले फर्निचरचे लॅकरही बहुधा नायट्रोसेल्युलोजचेच असावे, पण डोपसारखे आकसावे म्हणून ते केलेले नसते. ते छिद्रे बुजवते, थोडेसे ओढते, पण सैल कापडाला ताठ करण्याइतके नाही. पांढऱ्या डागांचे कारण आपली हवा. थिनर वेगाने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतला ओलावा त्यावर दवासारखा जमतो आणि नायट्रोसेल्युलोज त्या पाण्यात विरघळत नसल्याने पांढरे साकळते. फर्निचर पॉलिश करणारे कारागीर पावसाळ्यात थिनरमध्ये सावकाश उडणारे रिटार्डर मिसळतात ते याचसाठी. तुमचे डाग घालवण्यासाठी कोरड्या दिवशी, दुपारी, रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा एकच पातळ हात फिरवा. थर पुन्हा मऊ होऊन पारदर्शक सुकेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम.

एक गोष्ट मात्र हंगामावर सोडू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि पेटायला ठिणगी पुरते; डोपचा थर वाळल्यावरही झपाट्याने पेट घेतो. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातला गॅस आणि देवघरातली समई दोन्ही विझवून, खिडक्या उघड्या ठेवून, शक्यतो गॅलरीत किंवा गच्चीवर हे काम करा. एसीची बंद खोली ओलाव्याच्या दृष्टीने सोयीची वाटते, पण एसी तीच वाफ खोलीत फिरवत राहतो. पाण्याचे वार्निश असेल तर एसीची खोली अवश्य वापरा. मुलीला कापड कापायला, घासायला आणि वजने लिहायला बसवा. थिनर आणि ब्लेड तुमच्या हाती राहू द्या.

पिळाबद्दल शेवटी. पीळ पडला कारण लेप फक्त वरच्या बाजूला होता आणि वाळताना पंख मोकळा पडला होता. यापुढे लेप कोणताही असो, वरची आणि खालची बाजू लागोपाठ करायची आणि पंख सपाट फळीवर, खाली पेन्सिलच्या जाडीच्या सारख्या पट्ट्या ठेवून, टाचण्यांनी किंवा वजनाने रात्रभर दाबून ठेवायचा. पट्ट्यांमुळे खालूनही हवा खेळते. दोन्ही पंखांच्या टोकांशी मागच्या कडेखाली तीन मिलिमीटरची जादा चीप ठेवली तर टोके किंचित खाली झुकल्यासारखी वाळतात, म्हणजे पुढची कड मागच्या कडेपेक्षा जरा खाली राहते, आणि वेग कमी झाला की विमान अचानक एका पंखावर कोसळत नाही. ही चीप दोन्हीकडे अगदी सारखी हवी.

तुमच्या डाव्या पंखाचे पॉपलिन काढणेच मी सुचवीन, कारण त्याच्या वजनावर इलाज नाही. ओल्या फडक्याने कडा भिजवत ठेवल्या की फेविकॉल सुटतो. घाईने ओढले तर बाल्साचे पापुद्रे कापडाबरोबर येतात. कापड निघाल्यावर सांगाडा फळीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का पाहा. टेकले, तर पीळ कापडाचाच होता आणि पंख निर्दोष आहे. एक कोपरा वर राहिला तर किटलीच्या वाफेवर तो पंख धरून उलट दिशेला, हवा त्यापेक्षा थोडा जास्त पिळा, तसाच धरून गार होऊ द्या आणि रात्रभर फळीला टाचून ठेवा. सकाळी पुन्हा तोच कोपरा उचलला गेला, तर पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीच्या जोडांत कुठेतरी डिंक सुटलेला आहे. तो सापडेपर्यंत नवे कापड कापू नका.